खाड्याचा दिवस

प्रिय आई,

तब्येत कशी आहे असं विचारून सुरुवात करणार नाही. तू म्हणशील, "मला काय धाड भरलीय," आणि विषय तिथंच संपेल. दर रविवारी फोनवर आपलं हेच चालतं. मी तब्येत विचारते, तू जेवलीस का विचारतेस, मग इकडची थंडी, तिकडची थंडी, आणि "थांब, वहिनीला देते" म्हणून तू सुटतेस. मीही सुटते. म्हणून ह्या वेळी पत्र. माझं अक्षर तुला लागत नाही हे मला माहीत आहे. पाकिटांवरचं, डब्यांवरचं छापील सगळं तू वाचतेस, पण माझ्या अक्षराला तू कायम मुंग्यांची मिरवणूक म्हणत आलीस, आणि त्यावरूनच माझं नाव मुंगी पडलं. तेव्हा हे नेहमीसारखं दादाच वाचून दाखवणार. दादा, पाणी घेऊन बस, पत्र लांबलचक आहे. "हिच्या फोनला काय झालं?" असं तू एव्हाना म्हणालाच असशील. फोन धडधाकट आहे. मीच जरा दमलेय.

दमलेय म्हणजे आजारी नाही. संध्याकाळी खोलीवर आले की दिवा लावायचासुद्धा कंटाळा येतो. स्वेटर न काढता पलंगाच्या कडेवर बसून राहते. खालून घरमालकीण ओरडते, "आलीस का गं? मग अंधारात काय करतेस, वीज काय माझ्या बापाची जळते?" मग उठते. झोप लागते, पण झोपून उठल्यासारखं वाटत नाही. गेल्या गुरुवारपासून हे वाढलंय आणि त्याला कारण वहिनीचा फोन आहे. तिच्यावर दोघांनीही रागवायचं नाही. गच्चीवर कपडे वाळत घालता घालता बोलली बिचारी. म्हणाली, शेजारची इस्त्रीवाली तिचं तान्हं घेऊन दारात आली होती. पोरगं सकाळपासून पाय पोटाशी घेऊन रडत होतं. आणि तू दाराला आतून कडी घातलीस. ती बाहेरून म्हणत होती, "अहो काकू, नुसती बडीशेप हवीय हो, दुसरं काही नको," आणि तू आतून म्हणालीस, "इथं काही मिळत नाही. दवाखान्यात जा." दादा घरात होता. जेवायला बसल्यावर तो तुला म्हणाला, "बरं केलंस. एक माणूस पुरे झाला." तू ताट उचलून आत गेलीस. वहिनी म्हणाली, त्या दिवसापासून तू दुपारीसुद्धा कडी काढत नाहीस.

ते ऐकल्यापासून मी रोज कामावर जाते, येते, आणि तुझ्याशी मनात बोलत राहते. आता कागदावर बोलते.

तू मागे विचारलं होतंस, की प्रयोगशाळेतली चांगली खुर्ची सोडून मी ह्या मोठ्या दवाखान्यात नक्की करते काय. तेव्हा मी "फॉर्म भरते" म्हणून टाळलं होतं. ते खोटं नाही. दवाखान्यात शिरलं की डाव्या हाताला जिना आहे, त्या जिन्याच्या पोटात माझं टेबल. वरून कुणी धावत गेलं की डोक्यावर चुना पडतो. डॉक्टरांकडे जाण्याआधी प्रत्येक पेशंट माझ्यासमोर बसतो. फॉर्ममध्ये अकरा प्रश्न आहेत. नाव, वय, त्रास काय, गोळ्या कुठल्या, हे कुणीही विचारून घेईल. मला बसवलंय ते नवव्या प्रश्नासाठी. घरचं काही औषध घेता का? पाला, मुळी, साल, काढा, चाटण, लेप? दिवसाला चाळीस-पन्नास माणसं येतात आणि नवव्या प्रश्नाला सगळ्यांचं पहिलं उत्तर एकच असतं. नाही. छे हो, आम्ही असलं काही घेत नाही. चांगले कपडे घालून आलेला जास्त जोरात नाही म्हणतो.

मग मी बाड उघडते. हो, आपलंच बाड. पाचशे पानांचं, कॉलेजसाठी केलेलं. तू गॅलरीतल्या डब्यांतली आणि ओढ्याकाठची झाडं खुडून जुन्या कागदांत दाबलीस, मी खाली नावं लिहिली आणि बाबांनी छापखान्यातून उरलेला जाड पुठ्ठा आणून ते शिवलं. तेव्हा ते म्हणाले होते, "लोकांची पुस्तकं आयुष्यभर बांधली, पण आत काय आहे ते ह्याचंच पहिल्यांदा कळतंय." त्यांची शिवण अजून एका ठिकाणी उसवलेली नाही. ह्या शहरात दहा मुलखांतली माणसं येऊन राहिलीत, निम्म्यांची भाषा मला येत नाही आणि माझी त्यांना. पण पान ओळखायला भाषा लागत नाही. मी बाड त्यांच्याकडे फिरवते आणि गप्प बसते. माणूस आधी उगाच पानं उलटतो, मग एका ठिकाणी त्याचा हात थांबतो, चेहरा सैल पडतो, आणि तो इकडेतिकडे बघून खिशात किंवा पिशवीत हात घालतो. दारावरचा पहारेकरी माझ्या टेबलाला भाजीमंडई म्हणतो. "मॅडम, आज मेथी काय भाव?" असं रोज विचारतो. रोज तोच विनोद. मलाही रोज हसावं लागतं.

आई, तुला ही माणसं आवडली असती. शिवणकाम करणारी एक म्हातारी येते, तिच्या कमरेच्या पट्ट्यात सुकलेली फुलं असतात, पांढरी, मधे पिवळी, शेवंतीच्या धाकट्या बहिणीसारखी. त्यांचा काढा पिऊन ती झोपते. मी म्हटलं, झोपेची गोळी दिलीय ना तुम्हाला? तर म्हणाली, "गोळीनं रात्र संपते, झोप येत नाही." एक बोटीवरचा स्वयंपाकी आहे, त्याच्या गालात कायम आल्याचा तुकडा, तीस वर्षं समुद्र त्यानं आल्यावर काढला. बर्फाच्या मुलखातून आलेली एक बाई सुजलेल्या गुडघ्याला कोबीचं पान लाटण्यानं लाटून बांधते; ते सोडून दाखवताना इतकी लाजली, जसं काही चोरीचा माल सापडला. एकाच सकाळी कोरफडीच्या पानावर तिघांनी बोट ठेवलं. भट्टीवरचा कामगार म्हणाला भाजलं की लावतो, त्याच्यामागची मुलगी म्हणाली केसांना, आणि तिसरे आजोबा रागावलेच. त्यांच्याकडे ती नुसती दारावर टांगतात, घरात वाईट येऊ नये म्हणून, आणि ती कापून डोक्याला चोपडायची म्हणजे काय! तिघांचं माझ्या टेबलावर भांडण जुंपलं. पहारेकरी सोडवायला आला.

आणि काही वेळा त्या पिशवीतून जीव वाचण्यासारखं निघतं. एक सुतार वाळुंजाची साल उकळून पितो, सांधे दुखतात म्हणून. त्याच्या बापानं सांगितलेलं. आता डोकेदुखीची जी साधी गोळी आपण घेतो, ती अशाच सालीचा गुण बघत बघत माणसानं पुढे बनवली. सुतार ती गोळीही रोज घेत होता आणि रक्त पातळ व्हायची आणखी एक. तिन्ही एकदम. डॉक्टरांना त्यानं साल सांगितली नव्हती. का नाही सांगितली, विचारलं तर म्हणाला, "त्यांनी माझ्या बापाला हसू नये म्हणून." मी त्या दिवशी उरलेले फॉर्म नीट भरू शकले नाही.

बाडातलं एक पान आहे, त्याच्याशी मुलूख कुठलाही असो, माणूस थांबतोच. ज्येष्ठमधाचं. तू त्याची पिवळी मुळी उभी चिरून चिकटवली होतीस, अजून त्याला गोड वास आहे. उत्तरेच्या बंदरातले लोक तिच्या रसाच्या काळ्या वड्या करतात आणि वर मीठ घालून चघळतात. एकानं मला दिली, मी तोंड वाकडं केलं तर तो पोट धरून हसला. वाळवंटाकडची माणसं उन्हाळ्यात तिचं थंड पाणी पितात. पूर्वेकडचा एक म्हातारा वैद्य आहे, स्वतःच्याच गुडघ्यांसाठी आमच्याकडे येतो. तो म्हणाला, त्यांच्याकडे बहुतेक प्रत्येक काढ्यात हिचा एक तुकडा टाकतात, बाकीच्या मुळ्यांनी आपसात भांडू नये म्हणून. मी त्याला विचारलं, रोज देता? त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी शाळेत नापास झालेली मुलगी. म्हणाला, "रोज? रोज कुठलीही मुळी देत नाहीत. तिलाही विश्रांती लागते, माणसालाही."

आई, हे वाक्य मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकत होते. पहिल्यांदा तुझ्याकडून.

बाबांच्या सिगारेटी तू ज्येष्ठमधाच्या काड्यांवर सोडवल्यास. मी तेव्हा सातवीत असेन. घरात खळ आणि सिगारेट ह्या दोनच वासांचे बाबा मला आठवतात. तू भांडली नाहीस, रडली नाहीस, नुसती एक काडी त्यांच्या शर्टाच्या खिशात खोचलीस आणि म्हणालीस, "तलफ आली की आधी ही, मग ती." दोन महिन्यांत 'ती' गेली. खोकला गेला. जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबणं गेलं. पण तू सहा दिवस काडी द्यायचीस आणि सातव्या दिवशी नाही. खाडा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला पेन्सिलनं टिंब करायचीस, म्हणजे बाबांना लबाडी करता येऊ नये. ते कुरकुरायचे, "अगं, छापखान्यालाही सुट्टी आणि तोंडालाही?" पावलं सुजल्यासारखी दिसली की तू खाडा दोन दिवसांचा करायचीस. हे तुला कुणी शिकवलं, मी कधी विचारलं नाही. कॉलेजसाठी बाड करताना प्रत्येक पानाखाली 'उपयोग' असा रकाना होता. तू सांगत होतीस आणि मी लिहीत नव्हते. मी पुस्तकातलं उतरवत होते. ज्येष्ठमधाच्या पानावर तू खाड्याचं सांगितलंस, तेव्हा मी म्हटलं, "आई, हे परीक्षेत नसतं." तू म्हणालीस, "बरं." आणि पुढची मुळी चिरायला घेतलीस.

आता गेल्या वर्षीचं सांगते. मी आठ दिवस रजेवर आले होते, आठवतं? बाबांच्या पायांवर सूज होती, छातीत धडधड होत होती. दादाच्या गॅरेजला सुट्टी नव्हती, तू म्हणालीस मुंगीच घेऊन जाईल, ती डॉक्टरांशी त्यांच्या भाषेत बोलेल. मी इस्त्रीचा कुडता घातला. वर ओळखपत्र अडकवलं, त्याची तिथं काही गरज नव्हती. डॉक्टर दादापेक्षा लहान असेल, डोळे तांबारलेले, बाहीवर शाईचा डाग. चांगला होता. त्यानं नीट तपासलं, सूज उतरायची गोळी लिहिली, हृदयाची गोळी लिहिली, आणि लिहिता लिहिता विचारलं, "घरी आणखी काही घेतात का? झाडपाला वगैरे?" बाबांनी तोंड उघडलं होतं. मी त्यांच्या आधी बोलले. मी म्हणाले, "नाही डॉक्टर. आमच्या घरी तसलं काही चालत नाही. मी स्वतः ह्याच विषयातली पदवीधर आहे."

त्या 'वगैरे'मध्ये मला हसू ऐकू आलं होतं, आई. ते तिथं नव्हतं. आता मी रोज पन्नास वेळा तोच प्रश्न विचारते, मला माहीत आहे तो कसा विचारला जातो. पण तेव्हा मला वाटलं, आता बाबा काडी काढून दाखवणार आणि हा मनात म्हणणार, बघा, पोरगी शिकली तरी घर तसंच. बाबांनी माझ्याकडे बघितलं. खिशातून काडीचं टोक वर आलं होतं. त्यांनी ते दोन बोटांनी हळूच आत दाबलं आणि डॉक्टरांना म्हणाले, "आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे ही." डॉक्टरानं फॉर्मवर 'नाही' लिहिलं.

आणि त्या संध्याकाळी तू मला विचारलंस. तू वाळलेले कपडे घडी करत होतीस, बाबांचा शर्ट तुझ्या हातात होता. म्हणालीस, "त्या काड्यांचं विचारलंस का गं? ह्या गोळ्यांबरोबर चालतील? नाहीतर बंद करते. मला आपलं वाटतं, खाडा तरी वाढवावा." मी काय म्हटलं, ते तुला शब्दन् शब्द आठवत असणार. मी म्हटलं, "विचारलं मी. काही होत नाही. आणि खाडा-बिडा काय लावलंयस, नुसतं लाकूड आहे ते, चघळू दे त्यांना हवं तेवढं. सिगारेटपेक्षा बरं." तू शर्टाची घडी पुरी केलीस आणि म्हणालीस, "तू शिकलेली आहेस. तू म्हणतेस तर ठीक."

मी मुद्दाम वाईट केलं नाही. हे मी माझ्या समाधानासाठी लिहीत नाही, खरं तसंच आहे म्हणून लिहितेय. त्या काडीत काही गुण आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं, मग तिच्यात दोष आहे असं कसं वाटणार? तू तिला औषध मानत होतीस, म्हणून तिला भीत होतीस. मी तिला लाकूड मानत होते.

जे झालं ते नंतर दवाखान्यातल्या औषधवाल्या साहेबांकडून मी नीट समजून घेतलं. सूज उतरवणारी गोळी शरीरातला एक क्षार लघवीवाटे बाहेर काढते. ज्येष्ठमध रोज, भरपूर, खाडा न देता चघळलं तर तेही तेच करतं. तो क्षार फार उतरला की हृदयाची गोळी हृदयावरच उलटते. एक काडी सहा दिवस आणि सातव्या दिवशी खाडा, ह्यानं झालं असतं का? साहेब म्हणाले, सांगता येत नाही, हृदय आधीच थकलेलं होतं. सिगारेट सुटली नसती तर ते इतकी वर्षं टिकलं नसतं, हेही म्हणाले. ती वर्षं तू दिलेली आहेस, हे तुला आजपर्यंत कुणी सांगितलं नाही, म्हणून सांगते. पण डॉक्टरांना कळलं असतं तर त्यांनी काड्या थांबवल्या असत्या, किंवा गोळी बदलली असती. एवढं तर सांगता येतं.

सात आठवड्यांनी बाबा छापखान्यात सुईत दोरा ओवताना पडले. दादा, तू गॅरेजातून तसाच ग्रीसच्या हातांनी धावलास आणि त्यांना पाठीवर घेऊन दोन जिने उतरलास. ते मी विसरलेले नाही. आणि दवाखान्यात त्यांचा खिसा रिकामा करताना तीन काड्या निघाल्या. डॉक्टरांनी विचारलं, "हे कोण देतं ह्यांना?" तू म्हणालास, "आमची आई." त्यांनी तुला सगळं समजावलं. ते जेवढं खरं होतं तेवढंच त्यांनी सांगितलं आणि तू जेवढं ऐकलंस तेवढंच घरी आणलंस. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. आत्या बसली होती, छापखान्याचे मालक उभे होते, आणि तू सगळ्यांसमोर आईला म्हणालास, "तूच खाऊ घातलंस ना ते? बघ आता." आईनं मान वर केली आणि गर्दीतून एकदा, एकदाच माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ती सांगणार. मी हिला विचारलं होतं, असं म्हणणार. मी दारातच उभी होते, माझ्या खांद्यावरची बॅगसुद्धा उतरली नव्हती. आई म्हणाली, "माझं चुकलं."

मी काही बोलले नाही. तेराव्या दिवसापर्यंत त्या घरात राहिले आणि बोलले नाही. निघायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तर भिंतीवर ते कॅलेंडर होतं. मी पानं मागे उलटली. आई, दर सातव्या दिवशी तुझं टिंब, सातव्या दिवशी टिंब, आणि माझ्या रजेच्या आठवड्यानंतर एकही नाही. तू माझा शब्द इतका पाळला होतास. परत आल्यावर मी प्रयोगशाळेत राजीनामा दिला आणि ह्या दवाखान्यातल्या मोठ्या बाईंच्या मागे लागले. फॉर्ममध्ये तेव्हा दहाच प्रश्न होते. नववा मी घालून घेतला. बाई म्हणाल्या, "ह्याला कोण खरं उत्तर देणार?" मी म्हटलं, मला ते खोटं ओळखता येतं.

ओळखताही येतं. समोरचा जितक्या पटकन नाही म्हणतो, तितका मी पेन खाली ठेवून थांबते. आतापर्यंत किती जणांचं काय काय सापडलं. वाटलं होतं, असे खूप सापडले की कधीतरी हलकं वाटेल. वाटत नाही. नुसते पाय दुखतात. कारण जी एक कडी काढायची आहे ती तिथं, आपल्या दाराला आहे.

इस्त्रीवालीचं पोर अजून रडत असेल, आई. बडीशेपेचं काय करायचं, किती आणि कधी थांबायचं, कधी दवाखान्यात पाठवायचं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. माझ्या बाडात 'उपयोग' हा रकाना आहे त्यावर मी पांढरा कागद चिकटवून घेतलाय. पाचशे पानं आहेत. तू सांगायचंस. घाई नाही.

ह्यातलं अर्धं तुला ठाऊकच होतं. उरलेलं अर्धं, डॉक्टरांच्या खोलीतलं, आज कळलं. हे मी तुला फोनवरही सांगू शकले असते, पण तू म्हणाली असतीस, "जाऊ दे, दादाला सांगू नकोस." मला कळतं तू का गप्प राहिलीस. माझ्या शिक्षणासाठी दादा दहावीनंतर गॅरेजच्या खड्ड्यात उतरला, आणि त्या शिक्षणानं घरात काय केलं, हे त्याला कळावं असं तुला वाटत नव्हतं. तू म्हणाली असतीस आणि मी ऐकलं असतं, कारण ते ऐकणं मला सोयीचं होतं. दादा, मी तुलाही फोन करू शकले असते. पण मग तू गॅलरीत जाऊन, पाठ फिरवून ऐकलं असतंस आणि आत येऊन काही बोलला नसतास. तुझा तो स्वभाव माझाही आहे. म्हणून हे पत्र आईच्या नावानं आहे आणि तुझ्या तोंडी आहे. आता तू तिच्यासमोर बसला आहेस. वर्षभर तू तिला जे ऐकवलंस ते तुझ्याच आवाजात होतं, म्हणून हेही तिनं तुझ्याच आवाजात ऐकायला हवं. पुढची ओळ सावकाश वाच. आईनं विचारलं होतं. आईचं चुकलं नव्हतं. माझा जो राग करायचा तो कर, मी पुढच्या शनिवारी येते आहे, समोर उभी राहून ऐकेन. पण वाचून झालं की हा कागद घडी करून खिशात घालू नकोस. आईच्या हातात दे. तिला अक्षर लागलं नाही तरी.

तुझीच,
मुंगी